पत्रकातली आंधळी वटवाघळं

मी लिहिलेल्या पत्रकांपैकी जे एक लोकांनी खरोखर वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि पुन्हा काढून शेजाऱ्याला दाखवलं, ते साफ चुकीचं होतं. हे आधीच सांगून टाकते. कोणी मागून येऊन पकडण्यापेक्षा आपणच कबूल केलेलं बरं.

आमचं घर ब्राह्मणपाऱ्यात; पारा म्हणजे इथे मोहल्ला. मराठ्यांच्या राजवटीत कोणी पूर्वज रायपूरला आले आणि परत जायचं राहून गेलं, अशा घरांपैकी एक. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. माझी पत्रकं हिंदीत, कारण ज्यांना हलवायचं असतं ते हिंदी वाचतात. हे काम मी शिकले ते सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून उडत येणाऱ्या काळ्या धुळीविरुद्धच्या आंदोलनात. गच्चीवर वाळत घातलेले पापड संध्याकाळी फुंकर मारून घ्यावे लागतात, या रागातून मी तिथे गेले आणि राहिले. तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांनी मला शिकवलं: एका पानावर एकच मागणी, एकच शत्रू, आणि पहिली ओळ अशी की वाचणाऱ्याचा चहा थंड झाला पाहिजे.

पाऱ्यापासून पायी दहा मिनिटांवर एक तलाव आहे. काठाला अर्जुनाची आठ मोठी झाडं, इथे त्यांना कौहा म्हणतात. त्यांवर वटवाघळं राहतात. फळं खाणारी, मोठ्या जातीची, वाळत घातलेल्या काळ्या मोज्यांसारखी लटकलेली आणि दिवसभर एकमेकांशी भांडणारी. मी लहानपणापासून त्यांच्याखालून जात आले आहे आणि खरं सांगायचं तर पंचवीस वर्षांत एकदाही मान वर करून नीट पाहिलं नव्हतं.

तलावाला लागून मैदान आहे. लग्नसराईत तिथे डीजे वाजतो, धुमाल वाजतं. म्हणजे एका गाडीवर भोंगे, ढोल, कीबोर्ड आणि पुढे नाचणारी वरात. आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. मला तो आवाज मनापासून असह्य होतो. पण ‘मला त्रास होतो’ यावर पत्रक निघत नाही. कोणीतरी बिचारं लागतं. मला वटवाघळं आठवली. सहावीच्या विज्ञानात वाचलेलं आठवलं, की वटवाघळाला दिसत नाही, ते आवाज काढतं आणि परत येणाऱ्या आवाजावरून वाट ओळखतं. झालं! तासाभरात मथळा तयार होता: ‘ते कानांनी पाहतात. तुम्ही त्यांना रोज आंधळं करता!’

बाबा हिंदीचे निवृत्त शिक्षक. माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी त्यांच्या लाल पेनाखालून जातं. त्यांनी त्या पानात तीन मात्रा सुधारल्या, एक उद्गारचिन्ह काढलं, आणि म्हणाले, “छान लिहिलं हो या वेळी. मलेसुद्धा वाईट वाटलं त्या वटवाघळांचं.”

बाबांना वाईट वाटलं म्हणजे पत्रक चाललं. आणि चाललंच. दुधाच्या केंद्रावर चिकटवलेलं पाहिलं, शंकर नगरातल्या एका दवाखान्याच्या काचेवर पाहिलं. शाळेतल्या मुलांनी मथळा पाठ केला. आठवड्याभरात पार्षदांचा फोन आला.

पार्षद म्हणजे आमच्या वॉर्डाचे नगरसेवक. माणूस हसरा. घरासमोर मोठा पिंपळ आहे, त्याच्या पाराजवळ खुर्च्या टाकून लोकांना भेटतात. मी भांडायच्या तयारीनं गेले. त्यांनी कुर्त्याच्या खिशातून माझं पत्रक काढलं. चौघडी झिजली होती.

“बिटिया, हम पूरा पढ़े हैं. दो बार. डीजे दस बजे के बाद बंद, धुमाल तालाब तरफ मुँह करके नहीं बजेगा. ठीक?”

इतक्या लवकर मान्य होणाऱ्या मागणीला काय म्हणायचं असतं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

“और अब अच्छी खबर,” ते म्हणाले. “आठों पेड़ पर रंगीन लाइट लगेगी. नीचे से ऊपर. पूरा तालाब चमकेगा.”

“पण वटवाघळं?” मी घाईत मराठीतच विचारलं.

त्यांना समजलं. पत्रकावर बोट ठेवून ते अगदी कळवळून म्हणाले, “अरे, उनको क्या फरक पड़ेगा. आँख से तो देखते ही नहीं बेचारे. आप ही तो लिखी हैं.”

शिवरात्रीच्या जत्रेला दोन झाडांवर दिवे लावून बघणार होते. बाकीच्या सहा झाडांचं वॉर्डाच्या बैठकीत पक्कं व्हायचं होतं. तलाव असा सुधारणारे लोक मला एरवीच आवडत नाहीत. आमच्या तलावाला आधीच कारंजं बसलंय, आणि पेंग्विनच्या आकाराच्या कचरापेट्या. रायपुरात पेंग्विन! पण या वेळी ओरडायला तोंड नव्हतं. त्यांच्या हातातलं हत्यार मीच घासून दिलं होतं.

तलावावर एक बाई बरेच दिवस दिसायची. तिपाईवर दुर्बीण, गळ्यात ओढणी गुंडाळलेली, मांडीवर वही. वटवाघळांवर संशोधन करते एवढं ऐकून होते. पत्रक वाटताना मी तिलाही एक दिलं होतं, तिनं वाचून शांतपणे वहीत ठेवलं होतं. मी तडक तिच्याकडे गेले.

“दीदी, ही वटवाघळं आंधळी असतात की नाही?”

“नाही,” ती म्हणाली. दुर्बिणीतून डोळा काढला नाही.

“मग तुम्ही मला सांगितलं काहून नाही? पत्रक तुमच्या हातात दिलं होतं मी!”

“तू विचारलं कुठं? तू तर वाटून राहिली होती.” आता तिनं माझ्याकडे पाहिलं. विदर्भातल्या रेल्वेवाल्यांची मुलगी, रेल्वे कॉलनीतच वाढलेली. विद्यापीठातल्या इंग्रजीखाली तिचं नागपुरी जसंच्या तसं शाबूत होतं. “किडे खाणारी बारकी वटवाघळं असतात, ती आवाजावर चालतात. आणि तीसुद्धा आंधळी नसतात, बरं. ही मोठी, फळंवाली. यांचं काम डोळ्यांवर आणि नाकावर. इकडं ये. डोळा लाव इथं.”

मी डोळा लावला. समोर एक तोंड होतं. कोल्ह्यासारखं निमुळतं, तांबूस केसाळ मान, आणि दोन मोठे तपकिरी डोळे. उलटं लटकून ते माझ्याकडे पाहत होतं. मी थोडी डावीकडे सरकले, पुन्हा डोळा लावला. त्यानं मान वळवली होती. अजून माझ्याकडेच.

“आंधळ्याचे असतात का असे डोळे?” दीदीनं विचारलं.

मी पुन्हा दुर्बिणीकडे वाकले.

“थांब जराशी. घार येईल.”

आम्ही थांबलो. अर्ध्या तासानं तलावावरून एक घार खाली आली. पंख न हलवता, आवाज नाही, काही नाही. आणि त्या झाडावरची सगळी तोंडं एकदम तिच्या बाजूला फिरली. भांडणं बंद. घार झाडामागे गेली तशी तोंडंही तिच्यामागे वळली. मग ती निघून गेली आणि भांडणं पुन्हा चालू.

“याला मी असं लिहिते,” दीदीनं वही दाखवली. वेळ, झाडाचा नंबर, ‘घार, आवाज नाही, माना वळल्या’. एवढंच. एकही उद्गारचिन्ह नाही.

मला संताप आला. तिचा नाही, म्हणजे तिचाही. एवढं सगळं माहीत असलेली माणसं वह्या भरत बसतात आणि काही माहीत नसलेली माझ्यासारखी माणसं पत्रकं छापतात, ही कुठली वाटणी? मी तिला हे तोंडावर म्हटलं. ती हसली. “मग बस न इथं. मले मोजायला माणूस पाहिजेच आहे.”

अशी मी मोजायला बसले.

संध्याकाळी, सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, वटवाघळं चरायला निघतात. आमच्या तलावावरची बहुतेक सगळी पाण्यावरून आग्नेयेकडे जातात. दीदीची पद्धत अशी की एकाच आभाळाकडे तोंड करून दोघींनी बसायचं, मध्ये दोन हात अंतर. दोघींनी वेगवेगळं मोजायचं. बोलायचं नाही. आपापला आकडा लिहून झाल्याशिवाय एकमेकींना दाखवायचा नाही. मोजायला तिच्याकडे मंदिराबाहेर मिळतात ती नामजपाची यंत्रं होती, बोटात अंगठीसारखी घालायची, बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो.

घाटावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी आम्हाला पाहून हात जोडले. ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. बाबा जेवताना म्हणाले, “सुधारली वाटते आमची पोट्टी. तलावावर जप करून राहिली म्हणे.”

पहिल्या संध्याकाळी मी सगळं वाटोळं केलं. आधी एक सुटं वटवाघूळ गेलं, मग दोन, आणि मग काळा थवाच्या थवा झाडांतून सुटला आणि माझ्या तोंडून निघालं, “बापरे! पन्नास तरी गेली एकदम!”

दीदीनं बटण दाबणं थांबवलं. वही उघडली, त्या दिवसाच्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली.

“आजचं बाद.”

“का पण? मी फक्त म्हटलं...”

“तू पन्नास म्हटलं. आता माझ्या डोक्यात पन्नास बसले. आता मी जे पाहीन ते पन्नासाच्या आसपासच पाहीन.”

मला हे अती वाटलं. मोर्च्यात माणसं मोजायची आमची रीत वेगळी असते. पोलिस जे सांगतील त्याच्या पाचपट, आणि तेही मोठ्यानं, म्हणजे कडेला उभे असलेलेही सामील होतात. मी हे दीदीला सांगितलं. ती इतकी हसली की वही खाली पडली. पण रेघ तशीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं. आणि मला, खरंच सांगते, ते आवडायला लागलं. दिवसभर फोन, बैठका, कोणावर तरी चिडणं. संध्याकाळी अर्धा तास मात्र फक्त आभाळ, आणि बोटाखाली बटण. कोणाला पटवायचं नाही. पाणी तांबडं व्हायचं, मग राखी व्हायचं, मग पहिलं वटवाघूळ झाडातून सुटून मोठे पंख सावकाश हलवत डोक्यावरून जायचं. दीदी सांगायची, शहराबाहेर मोह फुलला की ती तिकडे जातात, वास लागतो त्यांना. आम्हाला मात्र मोहाचा वास येत नव्हता. आम्हाला तलावाचा वास यायचा, तो वेगळा.

शिवरात्रीला दिवे लागले. तिसऱ्या आणि चौथ्या झाडावर, खालून वर, निळे आणि जांभळे. जत्रेतले लोक फोटो काढत होते. खोटं कशाला बोलू, झाडं सुंदर दिसत होती. मला त्याचाही राग आला.

त्यानंतर आम्ही संध्याकाळी उडणारी मोजायचो आणि सकाळी कोणत्या झाडावर किती लटकलीत ते. बैठकीला आठ दिवस होते. मी देवाला मानत नाही, पण रोज मनात म्हणायचे, आज आकडा पडू दे. निम्मी जाऊ देत. निम्मी गेली असती तर कसलं पत्रक झालं असतं!

आकडा पडला नाही. माझा आणि दीदीचा आकडा थोडा इकडेतिकडे, पण दिव्यांच्या आधी होता जवळपास तेवढाच. फरक झाडांत पडला. तिसरं आणि चौथं झाड पाचव्या दिवशी रिकामं झालं. तिथली सगळी सातव्या आणि आठव्या झाडावर जाऊन बसली. फांद्या वाकल्या होत्या, भांडणं दुप्पट. या दोन झाडांखाली फिरायचा रस्ता आहे, बाकं आहेत, आणि पालिकेनं बसवलेली व्यायामाची यंत्रं.

त्या दुपारी मी नवं पत्रक लिहून दीदीकडे नेलं. मथळा: ‘वटवाघळं तलाव सोडून पळाली!’

तिनं वाचलं. “पळाली कुठं?”

“दोन झाडं रिकामी झाली, दीदी!”

“मग दोन झाडं रिकामी झाली असं लिही. तलाव कोणी सोडला? काल तूच मोजली न?”

“‘सरकली’ म्हटलं तर कोणाला काय फरक पडणार? लोक म्हणतील, मग काय बिघडलं! तुमचं खरं आहे हो, पण त्याचा उपयोग काय?”

“मागच्या टायमाला तू उपयोगाचंच लिहिलं होतं,” दीदी म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच लागलं. “त्याचा उपयोग कोणी केला?”

मी घरी आले. रागानं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. बाबांना सगळं सांगितलं. “मी तर मात्रा पाहिल्या नुसत्या,” ते म्हणाले. “पण आता लिहिशील तर खालून नको लिहू. सगळ्यात वरती लिही, की चुकलो. लपवून लिहिलेली माफी लोकं वाचत नाहीत.”

आमच्या गटातल्या दोघांचं म्हणणं पडलं की चूक छापली की पुढचं प्रत्येक पत्रक लोक हसण्यावारी नेतील. मलाही तीच भीती होती. तरी छापलं. वर: ‘मागच्या पत्रकात आम्ही चुकीचं लिहिलं. ही वटवाघळं डोळ्यांनी पाहतात.’ खाली घारीची गोष्ट, जशी पाहिली तशी. आणि मग: ‘दिवे लागल्यावर दोन झाडं रिकामी झाली. वटवाघळं तलाव सोडून गेलेली नाहीत. ती दुसऱ्या झाडांवर सरकली आहेत.’ माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मिळमिळीत पत्रक.

रविवारी सकाळी सामुदायिक भवनात बैठक झाली. मी उभी राहून ते वाचलं. ‘चुकीचं लिहिलं’ म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली. “पर्चेवाली दीदी गलती मान गईं!” हशा झाला. माझे कान गरम झाले, पण मी वाचत राहिले. शेवटच्या ओळीनंतर पार्षद हसत म्हणाले, “बिटिया, एक बात साफ बता दो. भागी तो नहीं ना? बस सरकी हैं?”

पळाली म्हणायला जिभेला एक सेकंद पुरला असता.

“नहीं भागीं,” मी म्हटलं. “सरकी हैं.”

“तो फिर झगड़ा क्या है?” त्यांनी दोन्ही हात पसरले. लोकही माना डोलवायला लागले. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात आमच्या पाऱ्यातल्या एक काकू उठल्या. रोज पहाटे तलावाला पाच फेऱ्या मारतात, त्याशिवाय चहा घेत नाहीत. हातात घडी केलेली करडी शाल होती. त्यांनी ती सगळ्यांसमोर उलगडली. पांढरे-पिवळे डाग खांद्यापासून काठापर्यंत.

“भैया, सरक के आई कहाँ, ये भी तो पूछो! मेरे सिर पर आई! तीन-चार दिन से घूमना बंद है. बेंच पर बैठो तो छाता लगाओ!”

मग एकच कल्ला झाला. व्यायामाच्या यंत्रावर रोज लटकणारे एक गृहस्थ टोपी दाखवायला लागले. तीन-चार दिवस सगळे वटवाघळांना शिव्या देत होते. ती आपल्या डोक्यावर का आली, हे कोणालाच माहीत नव्हतं. आता कळलं. पळाली असं मी छापलं असतं, तर या काकूंनी शाल दाखवून मलाच खोटं पाडलं असतं.

कोणीतरी दीदीला विचारलं, “मॅडम, आठों पेड़ पर लाइट लग गई तो ये सब कहाँ जाएँगी?”

दीदी उभी राहिली. “मुझे नहीं मालूम,” ती म्हणाली. मी डोळे मिटून घेतले. हे वाक्य तिचं फार आवडतं आहे. मग जरा थांबून तिनं जोडलं, “तालाब के बाद सबसे पास का बड़ा पेड़ पार्षद जी के घर के सामने वाला पीपल है. वहाँ जाएँगी ही, ऐसा मैं नहीं कहती.”

पहिल्या रांगेत पार्षदांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनी फक्त मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

झाडांवरचे दिवे उतरवायचं ठरलं. तेच दिवे रस्त्याच्या कडेला, गुडघ्याएवढ्या खांबांवर, टोपी घालून, उजेड खाली पडेल असे लावायचे. पार्षदांनी ते स्वतःचीच कल्पना म्हणून जाहीर केलं. करू देत. डीजेची वेळ चुकीच्या कारणानं ठरली, पण ठरली आहे आणि मी ती परत करणार नाही. आवाजाचा वटवाघळांना त्रास होत नाही असं दीदी म्हणत नाही. ती म्हणते, मी तो मोजलेला नाही. पुढच्या लग्नसराईत मोजू म्हणते.

दिवे उतरल्यावर तिसरं-चौथं झाड लगेच भरलं नाही. मला रोज सकाळी जाऊन पाहायची सवय लागली होती. पहिले चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी चौथ्या झाडाच्या वरच्या बेचक्यात काही काळं दिसलं. मी दीदीला हाक मारणार होते, मारली नाही. आधी मोजलं, लिहिलं. तिचं लिहून झालेलं पाहिलं आणि मगच वही पुढे केली. माझे अकरा, तिचे बारा.

“परत मोजू?” मी विचारलं.

“काहून? दोन्ही लिही.”

घरी आले तर बाबा दारातच पेपर घेऊन बसले होते. “आली का परत?”

“अकरा. नाही तर बारा.”

“बाकीची?”

“माहीत नाही, बाबा,” मी म्हटलं, आणि चपला काढून आत चहा ठेवायला गेले.